एकोणतिसावा नमुना

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आमच्या कार्यालयाचे संचालक महोदय, प्रमुख पाहुण्या म्हणून वेळात वेळ काढून आलेल्या वारसा समितीच्या अध्यक्षाबाई, व्यासपीठावर बसून मघापासून घड्याळाकडे न बघितल्यासारखं बघणारी सर्व मान्यवर मंडळी, प्रयोगशाळेतल्या माझ्या मैत्रिणींनो, निरीक्षण शाखेतल्या बंधूंनो आणि भगिनींनो, तिसऱ्या रांगेत बसलेली माझी भावजय आणि माझी भाची, आणि सगळ्यात मागे दाराशी उभ्या असलेल्या सहा पाहुण्यांनो. बसा ना तुम्ही. खुर्च्या रिकाम्या आहेत. पैलवान, तुम्ही तरी बसा, म्हणजे बाकीचे बसतील.

हां. आता बरं वाटतं.

या सभागृहात आवाज फार घुमतो. चौतीस वर्षं मी इथल्या बैठकांना येते आहे आणि चौतीस वर्षं तक्रार करते आहे. शेवटच्या दिवशीही तीच तक्रार करते, म्हणजे नवीन आलेल्यांना माझा स्वभाव कळेल. मला पाच मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेणार आहे. निवृत्त होणाऱ्या माणसाला कोणी हाताला धरून खाली बसवत नाही, या एका सवलतीचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

तुम्ही सगळे माझ्याबद्दल भरभरून बोललात. इतकं चांगलं ऐकून घ्यायची सवय नसते माणसाला. कोणी मला धुळीची शत्रू म्हणालं, कोणी म्हणालं की मी कार्यालयात शिरले की लोक टेबलं पुसायला लागायचे. ते खरं आहे. मला जे भिंतीवरचं घड्याळ दिलंत तेही सुंदर आहे. ज्या बाईला आता कुठेही वेळेवर पोचायचं नाही तिला घड्याळ द्यायची पद्धत कोणी काढली देव जाणे, पण घड्याळ सुंदर आहे.

आमच्या संचालकांनी मात्र एक वाक्य म्हटलं. ते म्हणाले, "चौतीस वर्षांत यांचा एकही अहवाल चुकीचा निघाला नाही." तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी त्या वाजत असताना माझ्या भावजयीकडे बघत होते. ती खाली बघत होती.

साहेब, आपण एकाच वर्षी नोकरीला लागलो. मी तुम्हाला अहो-जाहो फक्त व्यासपीठावर करते हे इथे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा राग मानू नका. ते वाक्य खोटं आहे. तुम्हालाही ते माहीत आहे आणि तुम्ही ते मायेपोटी म्हणालात. आज मला ती माया परत करायची आहे.

जे पाहुणे आमच्या खात्यातले नाहीत, त्यांच्यासाठी आमचं काम दोन शब्दांत सांगते. जुनी इमारत पाडायची ठरली की सगळ्यांच्या आधी आम्ही आत जातो. आपल्या आधीच्या लोकांनी इमारती फार हौसेनं बांधल्या आणि त्याच हौसेनं त्यात नको नको ते भरलं. पाइपांना गुंडाळलेलं अ‍ॅस्बेस्टॉस, दारांना शिशाचा रंग, विजेच्या जुन्या बटणांमध्ये पारा. इमारत उभी आहे तोवर हे सगळं मुकाट्यानं बसून असतं. घण पडला की ते हवेत येतं आणि घण मारणाऱ्याच्या छातीत जातं. अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा डोळ्याला दिसत नाही. आत गेला की वीस वर्षं, तीस वर्षं गप्प बसतो. मग एक दिवस माणसाला जिना चढताना दम लागतो.

म्हणून आम्ही आधी नमुने घेतो. जागेवर पाण्याचा फवारा मारायचा, म्हणजे धूळ उडत नाही. छिन्नीनं नाण्याएवढा तुकडा काढायचा. पिशवीत घालायचा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालायची. आणि पडलेलं भोक पुट्टीनं बुजवून त्यावर नमुन्याचा क्रमांक लिहायचा. एका जुन्या कचेरीचा पहारेकरी मला म्हणाला होता, "बाई, महिन्याभरात हे सगळं भुईसपाट होणार, आणि तुम्ही भोकं कसली बुजवताय?" मी त्याला म्हटलं, "दादा, महिनाभर तुम्ही इथे श्वास घेणार आहात ना?" त्यावर त्यानं मला चहा पाजला. अशा गोष्टी मी नवीन मुलामुलींना प्रशिक्षणात सांगत आले. माझी हुशारी दाखवणाऱ्या गोष्टी माझ्याकडे पुष्कळ आहेत. आज दुसरी गोष्ट सांगते.

माझा एक धाकटा भाऊ होता. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. शाळेत त्याचं मन कधी रमलं नाही, पण कुठलीही वस्तू उघडून बघायला त्याला आवडायचं. मोठा झाल्यावर पाडकामाच्या एका ठेकेदाराकडे लागला आणि पाच-सहा वर्षांत मुकादम झाला. घरात चेष्टा चालायची. आई म्हणायची, "एकीला भिंतीला ओरखडा काढायला तीन सह्या लागतात, आणि दुसरा सकाळी गेला की संध्याकाळपर्यंत अख्खी भिंत गायब."

मी त्याच्या हात धुऊन मागे लागले होते. मास्क लाव. नुसता रुमाल बांधू नकोस, खरा मास्क लाव. त्याला दाढीची भारी हौस. पण दाढी असली की मास्क गालाला घट्ट बसत नाही, फटीतून धूळ आत जाते. मी त्याला आरशासमोर उभं करून सांगितलं, "दाढी की फुप्फुसं, एक काय ते ठरव." त्यानं इतकं तोंड वाकडं केलं, इतकं केलं, पण दुसऱ्या दिवशी गुळगुळीत होऊन आला. त्याच्या लग्नाच्या फोटोत बघा, गुळगुळीत. भाचीच्या बारशाच्या फोटोत गुळगुळीत. हाताखालच्या माणसांनाही तो सोडायचा नाही. पैलवान सांगतील तुम्हाला, कामावर येताना जो दाढी वाढवून येईल त्याला हा परत पाठवायचा. म्हणायचा, "माझी ताई बघेल तर मला घरात घ्यायची नाही."

आता तारघराकडे येते.

जुनं तारघर इथल्या तरुण मंडळींनी पाहिलेलं नाही. आज तिथे गाड्या उभ्या करायची चार मजली इमारत आहे. तारघराचं मुख्य दालन लांबच लांब होतं, आणि त्याचं छत... कसं सांगू? गिलाव्यात घडवलेली पानं. एकात एक गुंतलेली, शेकडो पानं, आणि दोन पानं एकसारखी नाहीत. कुठे कडा दुमडलेली, कुठे किडीनं खाल्लेलं भोकसुद्धा कारागिरानं मुद्दाम दाखवलेलं. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा टॉर्च बाजूला ठेवून जमिनीवर चक्क उताणी झोपले आणि बघत राहिले. असं मी त्याआधी कधी केलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली होती. एवढं मोठं दालन, पण बोललेलं घुमत नव्हतं. शब्द तोंडातून निघायचा आणि मऊ होऊन विरायचा. मला ते फार आवडलं. शेकडो यंत्रं कडकडत असताना माणसांना काम करता यावं म्हणून ते छत मागाहून, भिंतींच्या तीस वर्षांनंतर, आवाज पिणाऱ्या गिलाव्यानं बनवलेलं होतं. आवाज पिण्यासाठी त्या काळी गिलाव्यात काय मिसळायचे, हे मी इतरांना शिकवत होते. इतरांना. काठीच्या टोकानं मी छत ठोकूनही पाहिलं. आवाज बद्द आला. मी स्वतःशी म्हटलं, जुना चुना आहे, दमट झाला असेल.

वारसा समितीचं तेव्हा पत्र होतं. बाई, तुम्ही त्या समितीत नव्हता, तुम्ही निश्चिंत बसा. पत्रात लिहिलं होतं की पाडकामाचा निर्णय होईपर्यंत नक्षीकामाला कोणतीही इजा करू नये. योग्यच होतं. मी बाकीच्या जागांचे अठ्ठावीस नमुने घेतले. नऊ दिवसांनी पाडायची परवानगी आली. नियम असा की परवानगी आली की परत जायचं आणि राहिलेला नमुना घ्यायचा. अर्ध्या तासाचं काम.

मी गेले नाही.

कोणी अडवलं नव्हतं. मी आजारी नव्हते. कामाचा ताण वगैरे काही नव्हता. त्या छताला छिन्नी लावायला माझा हात धजावला नाही, एवढंच. जे छत आठवड्याभरात घणाखाली जाणार होतं, त्याला नाण्याएवढं भोक पाडणं माझ्या जिवावर आलं. ऐकायला किती मूर्खपणाचं वाटतं ना? तक्त्यात छतासमोर मी लिहिलं, "भिंतीप्रमाणेच. नमुना अकरा पाहावा." नमुना अकरा म्हणजे दालनाच्या भिंतीचा चुना. निर्मळ होता. खाली सही केली. अहवाल गेला: घातक द्रव्य आढळले नाही.

पाडकामाचा ठेका माझ्या भावाच्या ठेकेदाराला मिळाला. तेरा माणसं घेऊन तो तिथे तीन आठवडे होता. पैलवान, तुम्ही मला सांगितलंत ते मी यांना सांगते. पहिल्या दिवशी यानं अहवाल उघडला, खालची सही बघितली, आणि सगळ्यांना म्हणाला, "काढा रे ते मास्क. ताईची सही आहे. आज मोकळा श्वास घ्या."

मोकळा श्वास घ्या.

आणि त्या तीन आठवड्यांत यानं दाढी वाढवली. आयुष्यात एकदाच. मला तेव्हा कौतुक वाटलं होतं. मी त्याला म्हटलं होतं, "अगदी विद्वान दिसतोस रे."

काम संपलं त्या दिवशी तो माझ्या घरी आला. शर्टात काहीतरी गुंडाळून छातीशी धरलं होतं. उघडलं तर त्या छताचं एक पान. वीतभर लांब, कडा शाबूत, किडीच्या भोकासकट. म्हणाला, "तू झोपून बघत होतीस म्हणे. तिथला पहारेकरी सांगत होता. म्हटलं, एक तरी राहू दे तुझ्याकडे." मी त्याचा फोटो काढला, हातात पान धरलेला. त्याचा दाढीतला तो एकच फोटो आहे.

ते पान सव्वीस वर्षं माझ्या बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटावर उभं होतं. दर रविवारी मी ते पुसत होते. कोरड्या फडक्यानं! मी, जी इथे प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी फवाऱ्याची बाटली हातात देते, ती मी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय. माझी छाती डॉक्टरांनी तीनदा तपासली. स्वच्छ आहे. मला या गोष्टीचा इतका राग येतो की मी तो कोणाला सांगू शकत नाही.

दोन वर्षांपूर्वी भावाला जिना चढताना दम लागायला लागला. पुढचं तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्ही सगळे त्याला भेटायला येत होता. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. डॉक्टरांनी त्याला विचारलं, "धुळीत काम केलंत का?" तो म्हणाला, "जन्मभर केलं, पण मास्क कायम लावायचो. माझी बहीणच त्या खात्यात आहे हो." आणि मग तो थांबला. खाटेच्या या बाजूला मी होते. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि लगेच डॉक्टरांना म्हणाला, "पंखा जरा कमी कराल का?"

त्याला त्या क्षणी कळलं आणि त्यानं पंख्याचं बोलणं काढलं. असा होता तो.

मी घरी गेले. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसा तो कळसा सव्वीस वर्षं माझ्या कपाटावर होता. पान खाली काढलं. पाणी मारलं. मागच्या बाजूनं नाण्याएवढा तुकडा काढला. दोन पिशव्या. आणि पुट्टीनं भोक बुजवलं, सवयीनं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत दिला आणि म्हटलं, माझा खासगी नमुना आहे. तीन दिवसांनी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंचा फोन आला. त्या समोर बसल्या आहेत, डोळे पुसताहेत, पुसा बाई. त्या म्हणाल्या, "अगं, हे कुठून आणलंस? हे घरात ठेवू नकोस. हे ठासून भरलेलं आहे."

मी भावाला सांगायला गेले. काय सांगायचं ते रस्त्यात दहा वेळा घोकलं होतं. त्यातलं एकही वाक्य बोलता आलं नाही. मी नुसतं म्हटलं, "ते पान तपासलं रे." तो उशीला टेकून बसला. मग म्हणाला, "मला काय सांगतेस? मला कळलंय. बाकीच्यांना सांग." मी रडायला लागले तर मला दटावलं, "रडू नंतर. आधी त्यांना सांग. सांगशील ना?" मी म्हटलं, "सांगेन." आणि खोकल्यातून सावरत मला म्हणतो कसा, "पान फेकू नकोस हं."

तो गेला त्याला आज दहा महिने झाले.

दहा महिने मी सांगितलं नाही. इथे मला जरा पाणी द्या.

म्हणजे मी काहीच केलं नाही असं नाही. सरकारी माणूस जे करतो ते केलं. अर्ज केले. तीन अर्ज. "तारघराच्या छतात घातक द्रव्य असण्याची शक्यता नाकारता येत नाही, तरी संबंधित कामगारांची तपासणी व्हावी." शक्यता! संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा मागवला आणि म्हणाले, "इमारत नाही, नमुना नाही, कशाच्या आधारावर फाइल उघडू? आणि तुझा भाऊ जन्मभर पाडकामात होता, कुठल्याही इमारतीतून आलं असेल. शेवटच्या वर्षी स्वतःच्या मागे चौकशी का लावून घेतेस?" साहेब, तुम्ही मला वाचवत होता. आणि मी, नमुना घरात आहे हे तुम्हाला न सांगता, मान हलवून, चहा पिऊन, वाचत होते.

पण कुठल्याही इमारतीतून नाही हो. तो फोटो बघा. माझ्या भावाच्या तोंडावर मास्क नव्हता अशी आयुष्यभरात एकच इमारत होती.

मागच्या महिन्यात पैलवान मला शोधत घरी आले. ज्यांना हे नाव शरीरावरून पडलं असं वाटतं त्यांनी मागे वळून बघा, नाव चेष्टेनंच पडलेलं आहे. आता तर आणखीच बारीक झालेत. ते माझ्याकडे तक्रार घेऊन आले नव्हते. भाऊ गेल्याचं त्यांना उशिरा कळलं, म्हणून भेटायला आले होते. दर दोन वाक्यांमागे खोकत होते. कपाटाकडे बघून म्हणाले, "इथं ते पान होतं ना? काय जीव काढला होता त्यानं त्या पानासाठी." मी विचारलं, म्हणजे? तर म्हणाले, "बाकीचं छत आम्ही घणानं दोन दिवसांत खाली आणलं. पण हे पान त्याला अखंड पाहिजे होतं. काम सुटल्यावर दोन संध्याकाळ हा एकटा परांचीवर चढून, छताला नाक लावून, करवतीनं कापत बसला होता. सगळा पांढराफटक होऊन उतरला. आम्ही हसलो, तर म्हणाला, ताईसाठी आहे."

त्यानं मला हे कधीच सांगितलं नव्हतं. आजारपणात वर्षभर मी त्याच्या उशाशी होते, तरी सांगितलं नाही. कोणाला सांगू दिलंही नाही.

मला एक नाण्याएवढं भोक पाडवलं नाही, म्हणून तो दोन संध्याकाळ ते छत श्वासात घेत राहिला. मी रोज हे स्वतःला सांगते. तुम्हाला आज एकदाच सांगते आहे.

त्या दिवशीही मला धीर झाला नाही. पैलवानांना मी चहा दिला, खोकल्यासाठी डॉक्टरांचं नाव दिलं आणि दारापर्यंत सोडलं. मग काल भावजयीकडे गेले. तिला सगळं सांगितलं. तिनं भांडी घासायची थांबवली नाही. शेवटी म्हणाली, "वन्सं, मला माहीत आहे. त्यांनी जायच्या आधी सांगितलं होतं. आणि म्हणाले होते, ताई स्वतःहून बोलेपर्यंत तू बोलू नकोस, तिला वेळ लागेल." तिनं दहा महिने माझी वाट बघितली. माझ्यासमोर चहाचे कप ठेवत, माझी विचारपूस करत वाट बघितली.

तर आता, माझ्या सहा पाहुण्यांनो, तुमच्याकडे वळते. मघाशी दारातल्या मुली विचारत होत्या की हे कोण, यांच्याकडे निमंत्रणपत्रिका आहे का. मीच बोलावलंय यांना. तारघरात चौदाजण होते. त्यातला एक माझा भाऊ. आणखी दोघं गेले आहेत, कशानं गेले ते कोणी तपासलं नाही. पाच जणांचा पत्ता मला अजून लागलेला नाही. सहाजण इथे आहेत. मी तुम्हाला कार्यक्रमाला या म्हटलं, कशासाठी ते सांगितलं नाही, कारण एकेकाच्या दारात जाऊन सांगायची माझी छाती झाली नाही. आता सांगते, सरळ सांगते. त्या छतात अ‍ॅस्बेस्टॉस होतं. ते तुम्ही मास्क न लावता पाडलंत, कारण कागदावर मी लिहिलं होतं की तिथे काही नाही. मी ते न तपासता लिहिलं होतं. तुमच्यापैकी प्रत्येकाला आजार होईलच असं नाही. पण प्रत्येकाची छाती तपासली गेली पाहिजे, आता आणि दर वर्षी. त्यासाठी फाइल उघडावी लागते. फाइल उघडायला नमुना लागतो.

नमुना हा घ्या.

पुढच्या रांगेतल्यांनी दचकू नये. पान ओलं करून दोन पिशव्यांत बंद केलेलं आहे, आणि वर डबा आहे. चौतीस वर्षांत एवढं तरी मला नीट येतं. सोबत प्रयोगशाळेचा निकाल आहे, तो फोटो आहे, आणि तक्ता मी भरून आणला आहे. तो वाचून दाखवते, मग बसते.

इमारत: जुनं तारघर. जागा: मुख्य दालनाचं छत. नमुना क्रमांक: एकोणतीस. नमुना मिळवून देणारा: त्या कामाचा मुकादम, निरीक्षकाचा धाकटा भाऊ. मूळ तपासणीत नमुना न घेण्याचं कारण. या रकान्यात आपले लोक "जागा उंचावर होती", "शिडी उपलब्ध नव्हती" असं काहीबाही लिहितात, मला माहीत आहे, मीच ते तपासत आले. मी लिहिलंय: निरीक्षकाला छत फार आवडलं होतं.

खाली माझी सही आहे. शेजारी "स्वीकारले" असं लिहिलेल्या जागी संचालकांची सही लागते. साहेब, पेन माझ्याकडे आहे. नाही, उद्या नको. उद्या मी या कार्यालयात नसेन, आणि तुम्ही चांगले आहात, तुम्ही मला पुन्हा वाचवाल.

...

आभारी आहे. खरंच आभारी आहे. चौकशीला बोलवाल तेव्हा येईन.

आता रीतीप्रमाणे. या समारंभासाठी खपलेल्या सगळ्यांचे आभार. हार-तुरे, घड्याळ, चहा, आणि या घुमणाऱ्या सभागृहाचेसुद्धा आभार, मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असेल. माझ्या भावजयीचे आभार मानले तर ती चिडेल, म्हणून मानत नाही. नव्या निरीक्षकांना एवढंच सांगते की इमारत आवडली तर खुशाल आवडू द्या, जमिनीवर झोपून बघा, आणि मग उठून छिन्नी लावा.

बोलण्याच्या भरात कुठे जास्त-कमी बोलले असेन, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर तेवढं सभागृहानं पोटात घालावं. दुसरी जी चूक आहे तिची क्षमा मी मागणार नाही. ती करणारा मला न मागता करून गेला, आणि अजून ती मला घेववत नाही.

तुम्ही सहाजण मंगळवारी सकाळी नऊ वाजता छातीच्या दवाखान्यात या. पैलवान, त्या पाच जणांपैकी कोणाचा पत्ता लागला तर त्यालाही आणा. मी दारात उभी असेन.

नमस्कार.